काव्यवाचन, सार्वजनिक

कवितेचे जमावापुढे, बहुधा उघड्या जागी, केले जाणारे पठण, गायन किंवा वाचन. यात कवी स्वतः आपली रचना सादर करतो किंवा कीर्तनकार, शाहीर, भजनी मंडळी यांसारखे मध्यस्थ ती लोकांपर्यंत पोहोचवितात. खाजगी बैठकीतील वाचनाहून हा प्रकार दोन बाबतींत वेगळा आहे. एक तर येथे श्रोता निवडून बोलाविलेला नसतो. देवळाचा पार, बाजाराची जागा, नदीचे वाळवंट किंवा गावाची आखर ही सर्वांना मोकळी असल्याने साक्षर-निरक्षर, लहान-थोर असे सर्व एकत्र येतात. दुसरे म्हणजे श्रोता येथे केवळ ऐकत नाही. ध्रुवपद धरणे, टाळी देणे, ओळ पुन्हा म्हणावयास लावणे, सवालास जबाब देणे अशा कोणत्या ना कोणत्या रूपाने तो रचनेत वाटा उचलतो. सार्वजनिक काव्यवाचनाचे जे प्रकार मराठीत दीर्घकाळ टिकले, त्यांत श्रोत्याचा हा वाटा रचनेच्या घडणीतच धरलेला आढळतो. जेथे तो उरला नाही, तेथे कार्यक्रम केवळ व्यासपीठ, पाहुणे आणि आयोजक यांच्या बळावर चालला. या प्रथेचा इतिहास पाहताना हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पुसद परिसरातील प्रथा : यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील पुसद हा तालुका या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे. पैनगंगेला मिळणाऱ्या पूस नदीवर वसलेले पुसद हे तालुक्याचे ठाणे पूर्वी वाशीम जिल्ह्यात होते. १९०५ मधील वऱ्हाडच्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडला, तेव्हा पुसद यवतमाळकडे आले. काळ्या जमिनीच्या खोऱ्यांत कुणबी, मराठा इ. शेतकरी जाती, डोंगराळ भागात आंध आदिवासी, ठिकठिकाणी बंजारा तांडे आणि कसब्यांतून उर्दूभाषक मुसलमान अशी येथील लोकवस्ती आहे. त्यामुळे वऱ्हाडी, गोरमाटी (बंजारा) आणि उर्दू अशा भिन्न बोली-भाषांतील जमावाचे काव्य या एकाच टापूत शेजारीशेजारी नांदताना दिसते.

यांपैकी सर्वांत लक्षणीय प्रकार पोळ्याच्या झडत्यांचा होय. श्रावण अमावस्येला बैलांना सजवून गावाच्या आखरीवर तोरणाखाली रांगेने उभे करतात आणि पोळा फुटण्यापूर्वी गावातील जाणती किंवा हजरजबाबी माणसे मोठ्या आवाजात झडत्या म्हणतात. झडती ही यमकबद्ध, चटपटीत व बहुधा थोड्या ओळींची रचना असते. आरंभी देवाला नमन, मग बैलाचे व शेतीचे वर्णन, मध्येच एखादी कोपरखळी आणि शेवटी सर्व जमावाने मिळून करावयाचा महादेवाचा जयघोष असा तिचा साधारण घाट असतो. एकाची झडती संपली, की दुसरा तिला तोडीस तोड झडती म्हणतो. सावकार, व्यापारी, गावचा पुढारी, कापसाचा भाव, नापिकी असे कोणतेही विषय तिला वर्ज्य नसतात. एरवी ज्याच्यापुढे बोलण्याची सोय नसते, त्याला या दिवशी त्याच्या देखत चार शब्द सुनावता येतात, कारण शेवटचा जयघोष सर्वांचाच असल्याने बोलण्याची जबाबदारी एकट्यावर राहत नाही. परंपरागत झडत्यांच्या जोडीला दरवर्षी नव्या झडत्या रचल्या जातात. त्यांतील ज्या लोकांना पटतात, त्या पुढील वर्षी दुसऱ्याच्या तोंडी ऐकू येतात. निवड अशी जमावच करतो.

वऱ्हाडातील मुली भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात व शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ करतात. सासर-माहेराचे हे काव्य संपूर्णपणे समूहगायनाचे आहे. बंजारा तांड्यांत होळीच्या सुमारास डफाच्या तालावर लेंगी गातात. पुसदहून जवळच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे (१७३९–१८०६) स्थान असून तेथे रामनवमीला मोठी यात्रा भरते. या यात्रेत भजने व कवने यांचा प्रवाह अखंड चालू असतो. या तिन्ही प्रकारांत कवीचे नाव बहुधा अज्ञात राहते आणि गाणारे व ऐकणारे यांत रेषा ओढता येत नाही.

पूर्वपरंपरा : मराठीत या प्रथेचा पाया वारकरी कीर्तनाने घातला. संत नामदेवांच्या (१२७०–१३५०) काळापासून चंद्रभागेच्या वाळवंटात अभंग उभ्याने गाइले गेले. कीर्तनकार एक चरण म्हणतो आणि मागे उभे असलेले टाळकरी ध्रुवपद उचलतात. या योजनेमुळे ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्याही तोंडी अभंग बसतो. आषाढी वारीच्या वाटेवर दिंड्या हीच योजना चालता-चालता राबवितात. एकनाथांनी (१५३३–९९) भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी यांसारख्या रस्त्यावरच्या ओळखीच्या व्यक्तींची सोंगे घेऊन अध्यात्म सांगितले. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला थांबविण्याची ही युक्ती होती आणि तिचा पुढील शाहिरांनी भरपूर उपयोग केला [⟶ कीर्तन, भारुड].

पेशवाईच्या उत्तरार्धात अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर इ. शाहिरांनी पोवाडा व लावणी यांचे फड गाजविले. डफ, तुणतुणे व झांज एवढ्या सामग्रीवर शाहीर शेकडो लोकांना बांधून ठेवी. त्याच्या प्रत्येक कडव्याअंती झीलकरी शेवटचा सूर उचलून धरीत. त्यामुळे शाहिराला श्वास मिळे आणि श्रोत्याला अर्थ मुरविण्यास अवधी मिळे. कलगी-तुऱ्याच्या फडांत तर दोन पक्ष समोरासमोर बसत. एका पक्षाने भेदिक लावणीतून कूट घालावे आणि दुसऱ्याने ते त्याच चालीत सोडवावे, असा हा सामना रात्रभर चाले. येथे श्रोता परीक्षक असे. पौराणिक कथांची व शास्त्रार्थाची माहिती निरक्षर श्रोत्यांत पसरण्यास या सामन्यांचे साहाय्य झाले [⟶ पोवाडा, लावणी].

आधुनिक काळ : छपाईच्या प्रसारानंतर कविता हळूहळू पुस्तकात व मासिकात गेली आणि एकांतातील वाचक हाच तिचा मुख्य श्रोता बनला. तथापि सामाजिक व राजकीय चळवळींना जमावापर्यंत जावयाचे असल्याने त्यांनी जुनी रूपे पुन्हा हाती घेतली. सत्यशोधक समाजाच्या (स्थापना १८७३) विचारांच्या प्रसारासाठी निघालेल्या जलशांनी तमाशाचा सांगाडा ठेवून त्यातील आशय बदलला. सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांनी राष्ट्रीय पदे चौकाचौकांत नेली. नासिकचे कवी गोविंद (१८७४–१९२६) यांच्या पदांचा या संदर्भात विशेष उल्लेख करावा लागेल. अशा पद्यांची सरकारला किती धास्ती वाटे, हे १९०९ मधील एका खटल्यावरून दिसते. कवितांची एक लहान पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल गणेश दामोदर (बाबाराव) सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९३० च्या सुमारास भीमराव कर्डक प्रभृतींनी आंबेडकरी जलसे उभे केले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी गावोगाव हिंडून ही परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालविली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्या ‘लाल बावटा कलापथका’ने १९४४ नंतर गिरणगावातील मैदानांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत (१९५५–६०) शाहिरीला नवे सामर्थ्य दिले.

सुशिक्षित मध्यमवर्गात कविता ऐकण्याची गोडी रविकिरण मंडळाने (स्थापना १९२३, पुणे) लावली. मंडळातील यशवंत व गिरीश यांचे काव्यगायन अतिशय लोकप्रिय झाले. त्यावर आक्षेपही घेण्यात आले. गोड चालीमुळे सामान्य शब्दही खपून जातात आणि कवी श्रोत्यांच्या पसंतीकडे पाहून लिहू लागतो, हे त्यांतील मुख्य होत. १९५० नंतरच्या काळात विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर यांनी एकत्रितपणे महाराष्ट्रभर केलेल्या काव्यवाचनांनी या आक्षेपाला एक प्रकारे उत्तर दिले. त्यांनी चालीऐवजी शब्दांचा उच्चार, विराम व आवाजाचा चढउतार यांवर भर दिला आणि गाण्यावाचूनही कविता मोठ्या समुदायाला ऐकविता येते, हे सिद्ध केले. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांनी कामगार वस्तीतील बोलीचा लहजा घेऊन ही पद्धती अधिक व्यापक केली.

वऱ्हाडातील व्यासपीठ : वऱ्हाडात दोन संतांनी सार्वजनिक काव्याला निराळे वळण दिले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री तेथेच कीर्तन करीत. त्यांच्या कीर्तनाचा बराच भाग श्रोत्यांना विचारलेल्या प्रश्नांचा असे. कर्ज, दारू, पशुहत्या, अस्पृश्यता यांविषयीचे उत्तर ते श्रोत्यांच्याच मुखातून वदवून घेत आणि मग संतवचनाने त्यावर शिक्कामोर्तब करीत. तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांनी खंजिरीच्या ठेक्यावरील भजने व सामुदायिक प्रार्थना यांच्या द्वारे खेड्यापाड्यांतील लोक एकत्र आणले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना कारावास भोगावा लागला. त्यांची ग्रामगीता हा ४१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ सामुदायिक वाचनाच्या रूपाने विदर्भातील गावोगावी पोहोचला आहे.

वऱ्हाडवर १८५३ पर्यंत निजामाचा अंमल असल्याने येथील गावांतून उर्दू काव्याची आवड रुजलेली होती. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ एकदा म्हणून थांबतो व ती पुन्हा म्हणतो. तेवढ्या अवधीत श्रोता दुसऱ्या ओळीचा अंदाज बांधतो आणि ती अपेक्षेपलीकडची निघाली, म्हणजे दाद देतो. हीच रीत मराठीत आणण्याचे श्रेय यवतमाळचे वकील वा. वा. तथा भाऊसाहेब पाटणकर (१९०८–९७) यांच्याकडे जाते. त्यांनी उर्दू शायरीचा बाज व मराठीचा मोकळा विनोद यांचा मेळ घालून मराठी शायरीचे कार्यक्रम महाराष्ट्रात सर्वत्र केले. अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांनी गझल मराठीत शास्त्रशुद्ध रूपात स्थिर केली आणि तिच्या सादरीकरणाने मोठमोठे समुदाय आकृष्ट केले. विठ्ठल वाघ यांनी आणि यवतमाळचे शंकर बडे (१९४७–२०१६) यांनी वऱ्हाडी बोलीला व्यासपीठावर प्रतिष्ठा मिळवून दिली. शेतकऱ्याचे दुःख त्याच्याच बोलीत ध्वनिक्षेपकावरून ऐकू आले, तेव्हा खेड्यातील श्रोत्याला कविता ही आपली वस्तू वाटू लागली. यवतमाळ येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर व २०१९ मध्ये अरुणा ढेरे हे अध्यक्ष होते. अशा संमेलनांतील कविसंमेलने, कोजागरीच्या रात्रीची काव्यवाचने आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम ही आज तालुक्याच्या गावी कविता ऐकण्याची नेहमीची निमित्ते आहेत.

रचनेवरील परिणाम : उघड्यावर म्हणावयाच्या कवितेला काही गोष्टी अपरिहार्यपणे पाळाव्या लागतात. श्रोत्याला मागे वळून ओळ पुन्हा वाचता येत नाही, म्हणून महत्त्वाचा शब्द पुनरुक्त करावा लागतो. वारा, मुलांचा कलकलाट आणि उशिरा येणारे लोक यांमुळे मधली काही वाक्ये हरवतात. म्हणून प्रत्येक कडवे शक्य तेवढे स्वयंपूर्ण ठेवावे लागते. यमक व ध्रुवपद ही येथे केवळ अलंकरणाची साधने नसून स्मरणाची व सहभागाची साधने असतात. विनोद आधी व गंभीर आशय नंतर हा क्रमही याच गरजेतून आला आहे. ध्वनिक्षेपक आल्यावर आवाजाची मर्यादा गेली. हलका स्वर व लहान विराम हजारो लोकांपर्यंत पोहोचू लागले. मात्र त्याबरोबर बोलणारा उंचावर व ऐकणारे खाली, अशी विभागणी पक्की झाली. एकच ध्वनिक्षेपक एकाच माणसाच्या हाती असतो, त्यामुळे समोरून येणारा जबाब ऐकूच येत नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे. वर्षातील मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. रोगी, विद्यार्थी व वृद्ध यांच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु पहाटेपर्यंत चालणाऱ्या सामन्यांची जुनी रीत त्यामुळे ध्वनिवर्धकावर पाळता येत नाही.

इतर देशांतील प्रथा : प्राचीन ग्रीसमध्ये अथेन्सच्या उत्सवात होमरची काव्ये व्यावसायिक पाठक स्पर्धेने म्हणत. इस्लामपूर्व अरबस्तानात उकाझच्या बाजारात कवींचे सामने होत. वेल्समधील आइस्टेडफॉड या काव्य-संगीत मेळाव्याची परंपरा ११७६ पर्यंत मागे जाते. त्यातील उत्कृष्ट कवीला मानाची खुर्ची दिली जाते आणि इंग्रजीच्या दडपणाखाली असलेली वेल्श भाषा टिकविण्यात या मेळाव्याचा मोठा वाटा आहे. मॉस्कोत १९५८ मध्ये कवी मायकोव्हस्कीचा पुतळा उभारल्यावर त्याच्या पायथ्याशी तरुणांची उत्स्फूर्त काव्यवाचने सुरू झाली. अधिकाऱ्यांनी ती १९६१ मध्ये बंद पाडली. कोलंबियातील मेदेयीन हे शहर मादक द्रव्यांच्या टोळ्यांच्या हिंसाचाराने ग्रासलेले असताना तेथे १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय काव्यमहोत्सव सुरू झाला. ज्या रस्त्यांवर संध्याकाळी कोणी फिरकत नसे, त्या शहरात लोक कविता ऐकण्यासाठी उघड्यावर एकत्र आले. या महोत्सवाला २००६ मध्ये ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. वेल्सचे उदाहरण भाषेच्या रक्षणाचे आणि मेदेयीनचे उदाहरण सार्वजनिक जागा परत मिळविण्याचे आहे. सार्वजनिक काव्यवाचनाची ही दोन्ही प्रयोजने पुसदसारख्या बहुभाषिक टापूलाही लागू पडतात.

मूल्यमापन : व्यासपीठावर गाजलेली कविता कागदावर फिकी पडते, हा आक्षेप पुष्कळदा खरा असतो. टाळ्यांच्या मोहाने कवी ठरावीक विनोदांची व भावुकतेची पुनरावृत्ती करतो, हेही दिसते. परंतु केवळ छापील पानाच्या कसोटीने या काव्याचे मोल ठरविणे न्याय्य नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या रचना शेतात व जात्यावर सुचल्या आणि तोंडीच राहिल्या; पुत्र सोपानदेव व आप्त यांनी त्या टिपून ठेवल्या नसत्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या नसत्या, तर मराठी कविता एका श्रेष्ठ कवयित्रीला मुकली असती. झडत्या, भुलाबाईची गाणी व लेंगी यांची स्थिती याहून वेगळी नाही. त्यांतील जुने ते काही प्रमाणात संग्रहित झाले आहे. पण दरवर्षी नव्याने रचले जाणारे काव्य बहुधा त्या दिवसाबरोबरच संपते. शेतीतील बैलांची जागा ट्रॅक्टर घेत असल्याने पोळ्याच्या तोरणाखालील रांगही आखूड होत आहे आणि बैल नसलेल्या गावी झडतीला प्रसंगच उरत नाही.

दुसरा प्रश्न बोलींच्या सरमिसळीचा आहे. कविसंमेलनाच्या मंडपात वऱ्हाडीला आता मानाचे स्थान आहे. परंतु त्याच तालुक्यातील लेंगी तांड्यात, मुशायरा मोहल्ल्यात व झडती आखरीवर अशी विभागणी सामान्यतः कायम आहे. एकमेकांच्या शेजारी शतकानुशतके राहणाऱ्या लोकांनी एकमेकांचे काव्य क्वचितच ऐकलेले असते. प्रमाण मराठीतील कवींना खेड्यात नेणे, एवढाच सार्वजनिक काव्यवाचनाचा अर्थ घेतला, तर ही विभागणी तशीच राहील. याउलट, झडती म्हणणारा, लेंगी गाणारी व शेर म्हणणारा यांना एका पारावर आणले आणि प्रत्येकाच्या रचनेतील जबाबाची जागा सर्व श्रोत्यांसाठी मोकळी ठेवली, तर जुन्या प्रथेचे बळ नव्या सभेला लाभू शकेल. त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. रचना टिपून घेणारा एक लेखक, बोलींतील शब्द समजावून देणारा एक जाणकार आणि सर्वांना मोकळी अशी जागा एवढी सामग्री पुरेशी आहे. बाकीचे काम, म्हणजे चांगले ते उचलणे व उरलेले सोडून देणे, जमाव पूर्वीपासून करीत आला आहे.